कापलेला अर्धा गुण

दर श्रावणात मी शाळेमागच्या डबक्यातून बेडूकमासे आणायचे आणि काचेच्या बरणीत घालून वर्गात ठेवायचे. शेपटी कशी आखडते, पाय कसे फुटतात, पोरं रोज डोकावून बघायची. मग मी खडू आपटून सांगायचे, "हे सगळं थायरॉक्सिन करतं. गळ्यातल्या ग्रंथीतून ते पाझरलं नाही, तर हा बेडूकमासाच राहील. बेडूक व्हायचा नाही!" वीस वर्षं हेच सांगितलं. आमच्या रनाळे गावात माझ्यासारखं विज्ञान कोणी शिकवत नाही, असा तोरा होता माझा.

आणि समोर पहिल्या बाकावर माझीच लेक बसायची. नववीतली, पण दिसायची पाचवीतली. बुटक्यांना पुढे बसवायचं, म्हणून पुढे. मैत्रिणी ओढण्या घ्यायला लागल्या, हिला जुना फ्रॉक अजून होत होता. मनात पाल चुकचुकली नाही असं नाही. पण सासूबाई म्हणाल्या, "आमना घरन्या पोरी उशिरच वाढतस," आणि मलाही ते सोयीचं वाटलं. खरं सांगते, लाज वाटायची. विज्ञानाच्या बाईंच्याच पोरीत खोट, असा गावभर बोभाटा झाला असता ना! पोर वर्गात पेंगायची, तर मी तिला सगळ्यांदेखत आळशी म्हणायचे.

एप्रिलच्या परीक्षेत प्रश्न मीच काढला: थायरॉक्सिन कमी पडल्यास काय होते? लेकीनं बेडूकमाशाचं सगळं बिनचूक लिहिलं होतं. खाली एक ओळ जास्तीची: 'अशा मुलीला उन्हाळ्यातही थंडी वाजते आणि ती सारखी दमते.' मी लाल पेनानं ती ओळ खोडली. शेजारी लिहिलं, 'पुस्तकाबाहेरचे लिहू नये.' अर्धा गुण कापला. बाईंनी पोरीला झुकतं माप दिलं, असं कोणी म्हणायला नको!

मे महिन्यात भर दुपारी ती पंखा बंद करून गोधडीत गुरफटलेली दिसली. बाहेर पाय ठेववत नव्हता, इतकं ऊन. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. दुसऱ्याच दिवशी नंदुरबारला नेऊन रक्त तपासलं. रिपोर्ट बघून डॉक्टरांनी विचारलं, "ताई, तुम्ही काय करता?" मी सांगितलं. त्यांनी रिपोर्टवरची नजर उचलून माझ्याकडे पाहिलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. मग म्हणाले, रोज उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी द्या. उंची थोडी वाढेल, पण वाया गेलेली वर्षं पुरती भरून निघणार नाहीत.

आता रोज सकाळी गोळी मीच तिच्या हातावर ठेवते. परवा पाण्याचा पेला देताना न राहवून विचारलं, "बाळा, तुला कळलं होतं, तर मला सांगितलं का नाहीस गं?"

"सांगितलं की, पेपरात," ती म्हणाली. "घरी आळशी म्हणाली असतीस. म्हटलं, पेपर तरी नीट वाचशील."