तारेतली हाक

लीलाधर महाजनला शेतीची गोडी कधी लागलीच नाही. बहादरपुरात घरची केळी होती, ती वडील आणि थोरला भाऊ बघायचे. हा सायकलवर टांग टाकून रोज बुऱ्हाणपुरात यायचा आणि राजपुऱ्यात कडूशेठच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात तारांना कथलाचे डाग देत बसायचा. तिथंच त्याला पहिली गिटार भेटली. मांडीवर आडवी ठेवायची, तारेवर लोखंडी कांडी फिरवायची. एका वकिलाच्या मुलानं हौसेनं आणलेली आणि कंटाळून टाकून दिलेली. लीलाधर तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. वर्षभरात तो गणपतीच्या मेळ्यात वाजवायला लागला. कांडी सुरावरून सुरावर घसरायची, लोक माना डोलवायचे.

सत्तावन्न साली भुसावळच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये त्यानं फर्नांडिस नावाच्या गार्डसाहेबांना ऐकलं. उभी गिटार गळ्यात अडकवून, पाय आपटत ते रॉक अँड रोल वाजवत होते. लीलाधरचे कान तापले. मग दोन वर्षं दर रविवारी त्यांच्याकडं शिकायला सकाळच्या पॅसेंजरनं भुसावळ. त्यानं कलकत्त्याहून पोस्टानं उभी गिटार मागवली, दुकानातल्या जुन्या हेडफोनचं लोहचुंबक आणि बारीक तांब्याची तार वापरून तिला तारांचा सूर उचलणारा पिकप बसवला, आणि आवाज रेडिओतून काढला. रेडिओ जुना होता, स्पीकरचा कागद फाटलेला. सूर खरखरत, घसा बसल्यासारखा यायचा. त्याला तो आवडला.

एक गोष्ट मात्र त्याला छळायची. उभ्या गिटारीच्या दांडीवर धातूचे आडवे पडदे. सूर तुकड्यातुकड्यांनी निघायचा, कांडीसारखा घसरायचा नाही. एकदा केळीच्या बागेत आई धुरपदाबाईनं कामावरच्या बाईला हाक मारली. ‘मालूबाईऽऽ!’ आवाज खालून उचलला, वर जाऊन थांबला, थरथरला आणि मग हळूच खाली उतरला. लीलाधर बांधावरच उभा राहिला. ते त्याला तारेवर हवं होतं.

तार पडद्यावर दाबून बोटानं आडवी ढकलली तर सूर चढतो, हे त्याला कळलं. पण जाड तार हटत नव्हती, बोटं सोलली. मग कव्वालीवाल्यांच्या बेंजोची बारीक तार त्यानं तिसऱ्या जागी चढवली. आता सूर वाकायला लागला. गार्डसाहेब आधी म्हणाले, “असं कोणी वाजवत नाही, तार तुटेल.” नंतर ऐकत राहिले आणि म्हणाले, “पुन्हा वाजव.” त्या वाकवलेल्या सुराला लीलाधर हाक म्हणायचा. वेगवान तुकडा वाजवता वाजवता मध्येच सगळं थांबवायचं आणि एकच हाक मारायची, ही त्याची रीत झाली.

एकसष्टच्या हिवाळ्यात जळगावला वाद्यवादनाची मोठी स्पर्धा जाहीर झाली. परीक्षक मुंबईचे होते. लीलाधर स्वतः फॉर्म भरायला गेला. टेबलामागच्या माणसानं पत्ता वाचला.

“बुऱ्हाणपूर म्हणजे मध्य प्रदेश ना? स्पर्धा महाराष्ट्रातल्या कलाकारांसाठी आहे.”

“घरी आम्ही मराठीच बोलतो. माझी सासुरवाडी जळगावचीच आहे.”

“सासुरवाडीचा पत्ता चालत नाही.”

त्याच वर्षी इंदूरच्या एका मंडळानं त्याला ‘ये तो खानदेशवाले हैं’ म्हणून मागच्या रांगेत बसवलं होतं. छप्पन्न साली, मग साठ साली, कुठंतरी नकाशावर रेघा ओढल्या गेल्या. लीलाधरला त्या वेळी त्याचं काहीच वाटलं नव्हतं. आता वाटलं.

रावेरचा नंदकुमार चौधरी त्याच्याकडं शिकायला यायचा. रावेर तासाभराच्या अंतरावर, पण महाराष्ट्रात. बोटं चपळ, चेहरा हसरा. लीलाधरनं त्याला फॉर्म भरायला लावला आणि तीन महिने घासून घेतलं. पडदे, तार, थांबायची जागा, हाक, सगळं दिलं. शेवटी आपली गिटारही दिली, कारण नंदूच्या गिटारीला पिकप नव्हता.

“आपलं एवढं सगळं दुसऱ्याच्या हातात देऊन टाकता?” बायको मनकर्णानं विचारलं.

“मले जाता येत नाही. ते तरी जाऊ दे,” तो म्हणाला.

नंदकुमार पहिला आला. लीलाधर शेवटच्या रांगेत बसून रडला, आनंदानं. परीक्षकांतल्या एकानं नंदूला तिथूनच मुंबईला, एका ऑर्केस्ट्रात नेलं. “गिटार पाठवतो भाऊ, आठ दिवसांत,” नंदू म्हणाला. गिटार वर्षानं आली, रेल्वे पार्सलनं. पिकप काढून घेतलेला होता. लाकडावर स्क्रूची चार भोकं तेवढी राहिली होती. सोबत चिठ्ठी नव्हती.

लीलाधरनं दुसरा पिकप गुंडाळला आणि वाजवत राहिला. पासष्ट साली खंडव्याच्या एका कार्यक्रमात त्यानं जीव ओतून वाजवलं. अध्यक्ष शिकलेले गृहस्थ होते. खाली उतरल्यावर त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“हात छान आहे तुमचा. पण मुंबईच्या नंदकुमारची नक्कल किती दिवस करणार? स्वतःचं काहीतरी शोधा.”

लीलाधरनं मान हलवली आणि गिटार पिशवीत घातली. घरी आल्यावर सांगितलं तेव्हा मनकर्णा म्हणाली, “तिथंच का नाही बोललात?” तो म्हणाला, “कोणाला खरं वाटलं असतं?”

दोन वर्षांनी नंदकुमार ऑर्केस्ट्रासोबत बुऱ्हाणपुरात आला. दुपारी लीलाधर धर्मशाळेत त्याला भेटायला गेला. नंदू जाडजूड झाला होता. पटकन उठून पाया पडला, चहा मागवला.

“नंदू, ते माझं आहे, हे तू कोणाला सांगितलं का?”

नंदू बशीतला चहा फुंकत राहिला. “कोणी विचारलंच नाही भाऊ. मी कधी नाही म्हणलो का? अन् सांगून काय झालं असतं? तुम्ही इथंच राहिले असते. मी होतो म्हणून मुंबईनं ते ऐकलं तरी.”

यातलं शेवटचं वाक्य खरं होतं, म्हणूनच लीलाधरला ते सहन झालं नाही. त्यानं चहा तसाच ठेवला. नंदूनं त्या दिवशीच्या कार्यक्रमाचे दोन पास पुढं केले, पहिल्या रांगेचे. लीलाधरनं ते टेबलावर सोडले आणि निघून आला.

त्या आठवड्यात त्यानं बारीक तार काढून टाकली आणि कंपनीच्या जाड तारा चढवल्या. त्या वाकत नाहीत. स्पीकरला नवा कागद लावला. त्यानंतर तो लग्नाच्या वरातीत, शाळेच्या गॅदरिंगमध्ये रेकॉर्डवर जसं असेल तसंच वाजवायचा, एक मात्रा इकडची तिकडं नाही. बोलावणाऱ्यांना तेच हवं असायचं. “महाजन भरवशाचा माणूस,” असं त्याचं नाव झालं. कोणी तारीफ केली की त्याचा चेहरा आंबट व्हायचा. घरात तो बारीकसारीक गोष्टींवरून तडकायला लागला. मनकर्णानं रेडिओ लावला आणि गाण्यात गिटार आली, की उठून बंद करायचा. गाणं अर्धं राहायचं, आणि तिला ते सगळी वर्षं टोचत राहिलं.

एकाहत्तर साली त्यानं गिटार लोधीपुऱ्यातल्या एका नाटक मंडळीला देऊन टाकली. त्यांच्या नाटकातला हिरो गिटार घेऊन फिरणारा होता. वाजवायची नव्हतीच, नुसती हातात धरायची. रविवारच्या दुपारच्या प्रयोगाला लीलाधर आणि मनकर्णा गेले. हिरोनं ती उलटी धरली होती, पडद्यांची दांडी त्याच्या उजव्या हाताकडं. लोकांच्या ते लक्षात आलं नाही. पहिला अंक संपताच लीलाधर उठून घरी निघाला. मनकर्णा बसून राहिली, तिला नाटक आवडलं होतं.