मे महिन्यातलं गार लोखंड

भुताखेतांच्या गोष्टी ऐकून मी आजवर फक्त हसत आलोय. त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय... तरी लिहितो.

जालन्याच्या एमआयडीसीत सळई बनवणाऱ्या एका कारखान्याच्या भंगार यार्डात मी सुपरवायझर आहे. माझा थोरला भाऊ तिथेच गॅस कटर, म्हणजे गॅसच्या टॉर्चने लोखंड कापणारा. मे महिन्यात परदेशी भंगाराच्या कंटेनरमधून एक जाडजूड लोखंडी घुमट निघाला — रिव्हेट ठोकलेला, वर गंजून बसलेलं झाकण. मी हौसेने फोटो जुन्या रणगाड्यांच्या एका ऑनलाइन ग्रुपवर टाकला. उत्तर आलं : स्वीडनच्या हलक्या रणगाड्याचा वरचा, तोफ बसवायचा घुमट, दोन महायुद्धांच्या मधल्या काळातला. पुढे तोफांच्या सरावाला लक्ष्य म्हणून ठेवला असावा. मग काय, सगळ्या यार्डाने त्याच्यासोबत सेल्फी काढले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दादा तो कापायला बसला. उन्हाळ्यात आमच्या लोखंडाला हात लावायची सोय नसते, म्हणून कटर आधी ओलं गोणपाट टाकून त्यावर गुडघा टेकतात. दादा टेकला, आणि टॉर्च न पेटवताच उठला.

"बाळू, हात लाव बरं."

मी गोणपाटाबाहेर, कोरड्या जागी लावला. माठासारखं गार.

"आत सिलेंडर-बिलेंडर असंल," दादा म्हणाला. "गॅस गळून राह्यला की लोखंड गार पडतं. मी न्हाई कापत. पह्यले झाकण काढू, मंग बघू."

मॅनेजर कुरकुरले, तरी आम्ही क्रेन लावून झाकण उचकटलं. आत सिलेंडर नव्हता. गॅसही नव्हता. तळाशी सुकलेल्या चिखलात तोफेचा एक न फुटलेला गोळा रुतून बसला होता... दादाची टॉर्च बरोबर त्याच्यावरच चालणार होती.

यार्ड रिकामं केलं. बॉम्बशोधक पथक येऊन गोळा घेऊन गेलं. जाताना त्यांच्या साहेबांनी विचारलं, "कापू नका असं सांगितलं कुणी?"

"गार लागलं, साहेब," दादा म्हणाला.

ऊन कलल्यावर दादा पुन्हा घुमटापाशी गेला आणि त्याने तळवा टेकवला. झटकन मागे घेतला. मीही लावून पाहिला — सणसणीत चटका, शेजारच्या पत्र्यासारखाच. दादाने हात जोडले. आणि मी, आयुष्यभर हसणारा माणूस, सगळ्यांसमोर त्याच्या गळ्यात पडून रडलो.

तो गारवा कुठून आला, ते मला आजही कळलेलं नाही. चार जणांना विचारून झालं.

संध्याकाळी घरी जेवण वाढताना वहिनीला दादाच्या तळव्यावरचा फोड दिसला. काय झालं म्हणून तिने विचारलं.

"काही न्हाई," दादा म्हणाला, "उन्हानं लोखंड तापल्तं."