फाटकावरची सिस्टर

प्रीतीला नोकरी लागून महिनाही झाला नव्हता, आणि ज्या माणसांची तब्येत बघायला तिला मिलच्या फाटकावर पाठवलं, त्यांत पहिलाच तिचा घरमालक निघाला.

घरमालक म्हणायचं ते नावापुरतं. दगडू इंगळे म्हणजे तिच्या आईच्या चुलतबहिणीचे, कांतामावशीचे यजमान. प्रीतीचे वडील भुसावळला रेल्वेत होते. नर्सिंग पुरं झाल्या झाल्या मुलीला इंदूरच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात जागा मिळाली, तेव्हा त्यांनी हो म्हटलं ते या घराच्या भरवशावर. परदेशीपुऱ्यातल्या त्या घरातली आतली खोली मावशीनं तिला दिली आणि स्वतःची गादी बाहेर ओढली. काका म्हणाले, "बेटा, हे तुझंच घर आहे. कुणाला विचारायची जरूरत नाही."

मिल बंद होऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. राजवाड्याकडे रंगीत टीव्हीची दुकानं निघत होती, गच्च्यांवर डिशच्या थाळ्या लागत होत्या, आणि इकडे गल्लीतली धडधाकट माणसं भर दुपारी ओट्यांवर बसून असायची. काकांची सगळी हयात सूत कातायच्या खात्यात गेलेली. सकाळी उठून दाढी करायची, शर्ट इस्त्रीचा घालायचा आणि फाटकाशी जाऊन उभं राहायचं, हा नेम त्यांनी सोडला नव्हता. थंडी पडायला लागली तेव्हा युनियनचे तुकोजी पवार यांनी भूक हडतालीची घोषणा केली. बसणाऱ्यांत काका होते, हे प्रीतीला कळलं ते फाटकावरच्या उपोषणाच्या तंबूत शिरल्यावर.

ती पिशवी घेऊन आत आली तशी बोलणी थांबली. दवाखान्याला हे काम प्रशासनानं लावून दिलं होतं. कुणाची तब्येत ढासळली की नर्स सांगणार, मग पोलीस येऊन त्या माणसाला उचलणार आणि हडताल मोडणार, असं सगळे धरून चालले होते. काकांनी ओळख दाखवली नाही. नुसता दंड पुढे केला.

रक्तदाबाचा पट्टा गुंडाळता गुंडाळता ती कुजबुजली, "काका, तुम्हाला शुगर आहे. तुम्ही इथं बसलातच कसे?"

"हळू बोल. तुकोजी भियानं सगळ्यांना पूछा था, ज्याला बीमारी असेल त्यानं बसू नका म्हणून. मी म्हटलं, अपन एकदम फिट."

"मला सांगावं लागेल."

"मंत्र्याचा माणूस येणार आहे बोलायला. तोपर्यंत चूप रहा. माझं नाव गेलं ना, तर लोक म्हणतील इंगळे घाबरला." मग एकदम डोळ्यात डोळे घालून म्हणाले, "तुझ्या मावशीची शपथ आहे तुला."

तिनं वचन दिलं नाही, पण दवाखान्यात जाऊन बोललीही नाही. मेट्रन इंदिरा सिस्टरनी विचारलं, "सगळे ठीक?" तेव्हा मान हलवली. तसं आपल्या मनाशी तिनं कारण शोधून ठेवलं होतं: पोटात अन्नच नाही, तर साखर वाढेल कशानं? रोज नीट बघत राहू. मावशी स्वतः रोज तंबूत जाऊन यायची. तरी रात्री जेवताना समोर बसून विचारायची, "कसे आहेत गं? मला खरं सांग." आणि ती म्हणायची, "आहेत, मावशी."

आठवडा उलटला. काकांचे गाल आत गेले, आवाज बसला. दुसऱ्या कामगारांचंही तसंच होतं, म्हणून तिला धीर वाटत होता आणि त्याच धीराची भीतीही वाटत होती. रस्त्यानं जाताना गल्लीतल्या बायका तिच्याकडे बघून बोलायच्या थांबत. एकदा पाठीमागून कुणी तरी मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणालं, "ही बघा, कलेक्टरची सिस्टर."

ज्या दिवशी मंत्र्याचा माणूस यायचा होता, त्या दुपारी तंबूबाहेर चांगलीच गर्दी जमली होती. प्रीती आत गेली तर काका एका कुशीवर पडलेले. हवेत गारठा, बाकीचे कामगार कांबळी पांघरून बसलेले, आणि काकांचा शर्ट मात्र घामानं निथळत होता. हात थरथरत होते. तिनं हाक मारली, तेव्हा मिलमध्ये यंत्रापाशी उभे असल्यासारखे ते म्हणाले, "साचा बंद कर. धागा तुटतोय."

ही साखर वाढल्याची लक्षणं नव्हती. उतरल्याची होती, आणि भलतीच उतरल्याची. पण नुसत्या उपासानं इतकी उतरेल? उशाशी मावशी बसली होती. प्रीतीनं तिचा दंड धरला.

"मावशी, हे शुगरची गोळी घेतात अजून?"

"देते ना. रोज पाण्याबरोबर," मावशी गोंधळून म्हणाली. "गोळी म्हणजे काय अन्न आहे का? औषध चुकायला नको म्हणून..."

प्रीतीनं मावशीचा दंड सोडला. उपाशी पोटी रोज साखर उतरवायची गोळी. आणि आपण एकदाही विचारलं नाही.

तिनं पिशवीतून ग्लुकोजचा डबा काढला. तुकोजी आडवे आले.

"सिस्टरजी, थांबा. काय देताय त्यांना?"

"ग्लुकोज. त्यांची साखर उतरलीय."

"आज नको. संध्याकाळी बोलणी आहेत. आज एक जरी माणूस उठला तर ते म्हणतील, हे थकले. एक शामची बात आहे फक्त."

"शामपर्यंत हे राहणार नाहीत," ती म्हणाली. आवाज फाटला, तशी ती अजून मोठ्यानं बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "हे शुगरचे पेशंट आहेत. तुमच्यापासून लपवलं त्यांनी. मीही लपवलं. आता बाजूला व्हा."

तुकोजी हलले नाहीत. मागून आरडाओरडा सुरू झाला. "प्रशासनाची बाई आहे! उपास मोडायला आलीय!" कुणी तरी तिची पिशवी ओढली, कात्री, पट्टा सगळं सतरंजीवर सांडलं. तिला रडू येत होतं, पण हातातला डबा तिनं सोडला नाही. तेवढ्यात मावशी उठली आणि तुकोजींच्या छातीवर दोन्ही हात ठेवून त्यांना मागे लोटलं.

काकांना गिळता येत नव्हतं. पाणी पाजलं असतं तर ठसका लागून श्वासनळीत गेलं असतं. प्रीतीनं पूड दोन थेंब पाण्यात घट्ट कालवली, त्यांना कुशीवर नीट वळवलं आणि बोटानं ती गालाच्या आतून चोळत राहिली. पुन्हा पूड, पुन्हा बोट. किती तरी वेळ काहीच झालं नाही. मग काकांच्या पापण्या हलल्या. जीभ ओठांवरून फिरली, आणि त्यांना गोड लागलं.

"काय दिलंस मला?" ते म्हणाले. आणि कळल्यावर, "माझा उपास मोडलास तू. सगळ्यांसमोर."

दवाखान्याची गाडी येईपर्यंत ते तोंड फिरवून पडून राहिले.

दवाखान्यात इंदिरा सिस्टरनी त्यांना सलाईन लावली, मग प्रीतीला बाजूला घेतलं. "तुला आधीपासून माहीत होतं?"

"हो."

"माणूस वाचला, म्हणून मी तुला घरी पाठवत नाही. पण पुन्हा असं केलंस तर नर्स म्हणून माझ्यासमोर उभी राहू नकोस."

हडताल बाकीच्यांनी चालू ठेवली, पुढे ती आश्वासनावर सुटली, आणि मिल काही उघडली नाही. पण गल्लीनं खापर फोडलं ते प्रीतीवर. तिनंच काही तरी पाजून काकांना आजारी पाडलं, ही बातमी पलीकडच्या पाटणीपुऱ्यापर्यंत गेली. गोळी कोण देत होतं ते प्रीतीनं गल्लीत कुणाला सांगितलं नाही. काका घरी आले, पण ती घरात असेपर्यंत ताटावर बसेनात. तेव्हा तिनं ट्रंक उचलली आणि जुन्या इंदुरात, इंदिरा सिस्टरच्या शेजारी एक खोली बघितली. मावशी दारापर्यंत आली, पण थांब म्हणाली नाही. त्या खोलीत प्रीती पहिल्यांदा पोटभर रडली. भुसावळला परत जावं, असं तिच्या अगदी मनात आलं होतं.

मग एका रविवारी गल्लीजवळच्या बुद्धविहारातली वंदना झाल्यावर लोक चपला घालत असताना कांतामावशी मध्ये उभी राहिली. तुकोजीही कुणाला तरी भेटायला तिथं आले होते. "त्या पोरीनं काही पाजलं नाही," ती म्हणाली. "गोळ्या मी देत होते. माझ्या हातानं माणूस जात होता, तिनं ओढून आणला. ज्याला बोलायचं त्यानं मला बोला." काका बाजूलाच उभे होते. त्यांनी मान खाली घातली.

प्रीतीला हे दुसऱ्या एका नर्सकडून कळलं. आपण आता इंदुरात राहायला हरकत नाही, असं तिला वाटलं. आनंद वगैरे म्हणावा असं काही वाटलं नाही.

काका पुढे सियागंजात एका किराण्याच्या पेढीवर चौकीदार लागले. शुगर तपासायला दवाखान्यात यायचे, पण दुसऱ्या नर्सच्या रांगेत उभे राहायचे. पावसाळा सरता सरता एकदा ती नर्स रजेवर होती. काका घुटमळले, मग प्रीतीच्या टेबलाशी येऊन बसले आणि बोट पुढे केलं.

"वाढलीय, काका."

"पेढीवर चहा देतात भिया लोक. गोड असतो. नको कसं म्हणायचं?"

"नको म्हणायचं."

काका उठता उठता म्हणाले, "मावशी विचारत होती, जेवायला कधी येतेस."