कोरडी धुम्मस

लातूर जिल्हा नवा झाला त्या पावसाळ्यात अहमदपूरहून लातूरला जाताना एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. मांडीवर गाठोडं, पायाशी डालग्यात कोंबड्या. वाटेत मातीचा लहानसा बंधारा लागला. पूर गावात शिरू नये म्हणून मागच्या मोठ्या दुष्काळात बांधलेला. त्यावर नव्या जिल्ह्याची पाटी लागली होती. तेवढं काम मात्र वेळेवर झालं होतं. बंधारा प्रथमच काठोकाठ भरलेला पाहून सगळी गाडी खिडक्यांकडं लोटली. काहींनी हात जोडले. तिनं पाठ फिरवली.

"मावशी, बघा की, केवढं पाणी!"

"काय बघू? म्याच माती टाकली तिथं. भिजवून, चोपून धुम्मस करावी लागती, तवा माती धरती. दुष्काळात प्यायाला पानी न्हवतं, मातीला कुठलं? कोरडीच चोपली."

बोलताना तिची टाच गाडीच्या पत्र्यावर आपटत होती, माती दाबावी तशी.

"मग निघालात कुठं?"

"लेकीकडं. मालक ऱ्हायले घरी, बांधाखाली. कामावर मुकादम व्हते. म्हंतेत, माझ्या हातचं काम हाय, फुटत न्हाई."

तिनं गाठोड्याची गाठ आवळली.

"माझ्या बी हातचं हाय. म्हणून तर निघाले."