धुरी सर आणि डार्विनचा तास

एकाच टेबलावर अकरा वर्षं डबा खाल्ला की समोरच्या माणसाचे किस्से साठतातच. लिहून ठेवावे लागत नाहीत. माझ्यासमोर धुरी सर बसायचे. मालवणातल्या आमच्या कॉलेजात ते बायोकेमिस्ट्री शिकवायचे, मी झूलॉजी. त्यांचं म्हणणं, पेशीतली यंत्रणा इतकी गुंतागुंतीची आहे की ती कुणीतरी विचार करूनच बनवलेली असणार. थोडं थोडं बदलत आपोआप झालेली नाही. मी डार्विनवाला. त्यामुळे आमचा डबा कधी वेळेत संपला नाही!

*

एकदा खाडीवर कालवं काढायला गेलो आणि सरांचा पाय कापला. रक्त वाहतंय, आणि सर खडकावर बसून मला ऐकवतायत, "रक्त गोठायला डझनभर प्रोटीन्स एकामागून एक कामाला लागतात. एक नसलं की सगळं अडलं! हे आपोआप जमेल?"

आमचा लॅब अटेंडंट शांताराम जवळ आला.

"सर, तुमची प्रोटीना कामाक लागापर्यंत मी फडका बांधू काय?"

*

हाच शांताराम एकदा त्यांना म्हणाला, "पण सर, ह्या सगळा बनवणारो कोण?"

"ते विज्ञान सांगू शकत नाही. बनवलंय, एवढंच दिसतं."

"म्हणजे आमच्या वाडीच्या रस्त्यासारख्या. कोणी केल्यान ता म्हायत नाय, पण केलेलो आसा!"

*

बंदरावर मुलांना घेऊन गेलो होतो. सर म्हणाले, "जिवाणूची शेपटी म्हणजे या होडीच्या इंजिनासारखी मोटरच! एक पार्ट काढा, बंद. मग अर्धवट मोटर टिकणार कशी?"

बाबल मेकॅनिक तिथेच इंजिन उघडून बसला होता. तो म्हणाला, "सर, हो पार्ट पाण्याच्या पंपाचो. हो रिक्षाचो. जा गावला ता लावत गेलंय. चलता!"

मुलं हसली. मी तर मनातून फारच खूश!

सर वाकून इंजिन बघत राहिले. मग म्हणाले, "पण लावलंस तूच ना?"

मुलं पुन्हा हसली. या वेळी माझ्याकडे बघून.

*

मग माझं अपेंडिक्स काढावं लागलं. सर डब्यातून गरम पेज घेऊन भेटायला आले. मी विचारलं, "सर, हा पार्ट कुणी डिझाइन केला?"

"त्याचा उपयोग आपल्याला अजून नीट कळलेला नाही."

"कळला की सांगा. डॉक्टरांनी बरणीत ठेवलंय!"

दोघंही हसलो. टाके मात्र माझेच दुखले.

*

मी तीन आठवडे घरी. परीक्षा तोंडावर, आणि माझं उत्क्रांतीचं प्रकरण अर्धंच शिकवून झालेलं. तास गेले धुरी सरांकडे! अंथरुणात पडल्या पडल्या जीव कासावीस झाला. वाटलं, वर्ग हातचा गेला.

कॉलेजात परतलो तो थेट वर्गात. पहिल्या बाकावरच्या वैष्णवीची वही मागून घेतली. पानंच्या पानं डार्विन! जीवाश्म, देवमाशाच्या पोटात लपलेली मागच्या पायांची हाडं, आकृत्यांसकट. सरांच्या मताची एक ओळ नाही.

"त्यांनी स्वतःचं मत नाही सांगितलं?"

"आम्ही विचारलं ना, सर. ते म्हणाले, 'हो तास माझो नाय.'"

मी वही परत दिली. ती घुटमळली.

"सर, एक सांगू? रागावू नका."

"बोल."

"आमका डार्विन आत्ता पटलो."