बिऱ्हाड मांडून विकलेला फ्लॅट

फसवली गेली ती कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यातल्या एका फिटरची विधवा. कधी? दिवाळी पाडव्याला, भर दुपारी. त्या दिवशी तिनं जुळे सोलापूरच्या टोकाला, भाड्यानं देण्यासाठी घेतलेल्या फ्लॅटचा ताबा घेतला. आठवड्याच्या आत भाडेकरू गायब. ही घटना विसरायला मी तयार नाही. तेव्हा मी त्या हद्दीत उपनिरीक्षक होते. आता वर्दी उतरवली आहे आणि हेच सांगत फिरते.

बाईंना भाड्यावर घर चालवायचं होतं. दलाल म्हणाला होता, "मावशी, कुर्डुवाडीत काय ठेवलंय? जुळे सोलापूरला भाडेकरू रांग लावतात. हा फ्लॅट तर भाडेकरूसकट देतो." बघायला नेलं तर खरंच बिऱ्हाड! पडदे, दारात तुळस, आत कुकरची शिट्टी.

बाईंच्या तक्रार अर्जावरून ठाण्यात बोलावल्यावर दलाल पाय पसरून बसला. "मॅडम, खरेदीखत नोंदलंय. भाडेकरू सोडून गेला, त्यात माझा काय गुन्हा? दिवाणी बाब आहे." वरिष्ठांनीही मान डोलावली. मला सांगितलं, अर्ज निकाली काढा. मी काढला नाही.

चौकशीला गेले तेव्हा शेजारच्या इमारतीच्या वॉचमनला नंबर दिला होता, त्याचा फोन आला. "मॅडम, तेच बिऱ्हाड आज आमच्या दुसऱ्या मजल्यावर उतरलंय. टेंपो तोच, तुळसबी तीच."

साध्या वेशात, गिऱ्हाईक म्हणून, मी आणि आमच्या हवालदार बाई गेलो. मी खिडक्या बघत होते. हवालदार बाई थेट मोरीत शिरल्या. पिंप नाही, टाकी नाही, एक स्टीलची कळशी. सोलापुरात नळ काही दिवसांआड येतो. इथं नवं जोडपं पलंगाआधी पिंप घेतं. कुर्डुवाडीच्या बाईंचा जन्म रोज नळ येणाऱ्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलेला. त्यांनी ऊन बघितलं, फरशी बघितली. पिंप बघायचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"वहिनी, पाणी कवा येतं हितं?" हवालदार बाईंनी विचारलं.

"येतं की, रोज सकाळी."

"रोज? आगं बया! मग आजच येते की पोरं घिऊन ऱ्हायला."

ती भाडेकरीण हसली नाही. तिथंच कळलं, ही इथं राहतच नाही.

जबाबाला बसवली. हात उगारला नाही, चहा दिला. पोरं कुठल्या शाळेत? दूध कोण टाकतं? शेवटी रडत म्हणाली, "आमी मंडपवाल्याकडं कामाला हाय, मॅडम. गिऱ्हाईक आलं की संसार मांडायचा, खरेदी झाली की उचलायचा. रोजगार मिळतो." तिच्या फोनवर दलालाचा निरोप होता: उद्या दोनला येतो, कुकर लावून ठेव.

दिवाणी म्हणे! फसवायचा इरादा पहिल्या दिवसापासून होता. मी फसवणुकीचा गुन्हा दाखल केला, दलालाला अटक केली.

पण बाईंचा फ्लॅट अजून रिकामा आहे, खटला चालू आहे. ठाण्याच्या बाकावर त्यांचे दीर म्हणाले होते, "हाव नडली, वहिनी." बाई ताडकन उठल्या. "हाव कसली, भावजी? लेकीच्या दारात हात पसरायचा न्हवता मला, एवढंच."

मी बाईंच्या बाजूनं आहे. भाड्याचं घर घेणं हाव नाही. परक्याच्या शब्दावर गाव निवडणं ही चूक, आणि ती चूक करायला लावणं हा गुन्हा. बदलीवर आलेला रेल्वेवाला कुठं खोली शोधतो, किती महिने टिकतो, हे बाईंना कुर्डुवाडीत झोपेतही सांगता आलं असतं. तीच त्यांची बाजारपेठ होती. दलालानं आधी त्या बाजारपेठेवरचा त्यांचा विश्वास काढून घेतला, पैसे नंतर.

म्हणून तुम्हाला बजावते. पहिलं घर घेताय? जिथला भाडेकरू तुम्ही ओळखता तिथंच घ्या. नवीन भाग असेल तर दलालाला न सांगता, एकटे जा, आणि शेजारच्या तीन दारांवर थाप मारा. तरीही फसलात, तर लाजून घरी बसू नका. लेखी तक्रार द्या, आणि शिक्क्याची पोच हातात पडेपर्यंत ठाण्यातून हलू नका.