ताईला मी थांब म्हणालो

आमच्या संत्र्यांच्या सौंसरहून समुद्र किती लांब, हे मी कधी मोजलं नव्हतं. गरजच काय? आमचं वादळ म्हणजे सोसाट्याचा वारा, गारा आन् संत्र्याचा सडा. अशा वेळी घरात शिरायचं, कवाड लावायचं, बाहेर पाय टाकायचा नाही, एवढंच बापानं शिकवलं. बाहेर पडलेल्यावर वीज पडते, घरातला वाचतो.

माझी ताई सत्तरीच्या पुढची. भाटव्यांच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, नोकरीपायी कोकणात गेली आन् समुद्रापासून हाकेच्या अंतरावर घर बांधून तिथंच राहिली. मूलबाळ नाही. भाटवे दोन वर्षांपासून लकव्यानं अंथरुणावर. बाप गेल्यापासून ती बारीकसारीक गोष्ट मला विचारायची. मी तिच्याहून सहा वर्षांनी लहान, पण माहेरचा माणूस ना!

त्या सकाळी तिचा फोन आला. "भाऊ, गावातले लोक आले. वादळ येऊन राहिलं म्हणे, शाळेत चला म्हणतात. तुया भाटव्यायले खुर्चीवर बसवून नेतो म्हणतात. जाऊ का?"

मी बागेत मजुरांवर ओरडत होतो. वैतागलो. "काय व ताई, लकव्याच्या माणसाले वाऱ्यात बाहेर काढते काय? घर स्लॅबचं आहे. कवाड लाव आन् गुमान बस."

"पाणी येते म्हणतात."

"पाऊस आला की पाणी येतेच!" मी हसलोसुद्धा. समुद्र घरात शिरतो, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. आग लागो त्या शहाणपणाला!

"बरं," ती म्हणाली. फोन चालूच होता. ती त्या लोकांना सांगताना मला ऐकू आलं, "तुम्ही जा, आम्ही घरीच बरे."

संध्याकाळी टीव्हीवर तिकडच्या लाटा पाहिल्या. फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. दोन दिवस मी तेवढंच करून राहिलो. बायको दोन घास खा म्हणायची, तर तिच्यावरच खेकसायचो. निघावं म्हटलं तर झाडं पडून तिकडचे रस्ते बंद. इथं बसून मी काय करणार होतो? काहीच नाही.

तिसऱ्या दिवशी परक्या नंबरवरून कळलं. ताई वाचली, भाटवे गेले. छातीएवढ्या पाण्यात ती त्यांचं डोकं वर धरून उभी होती, हात सुटेपर्यंत.

रस्ता मोकळा झाला तसा गेलो. ताईजवळ आळीतली माणसं बसली होती. शेजारचे म्हातारे मला म्हणाले, "आम्ही किती विनवलं हो. पण ह्या उठल्याच नाहीत."

ताईनं माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"मायाच हट्ट होता, मीच नाही उठली," ती म्हणाली. "भाऊ तर जाय म्हणत होता."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आन् मी, तिच्या सख्ख्या भावानं, हो म्हणून मान हलवली.